धुक्यात आपण दिसतो का?

गेल्या जुलैमध्ये बाबांना घेऊन मुलुंडहून नाशिकला चालले होते. पहाटे साडेपाचला निघालो, शहापूरपर्यंत नुसता पाऊस, पण कसारा घाट चढायला लागलो आणि दोन-तीन वळणांतच धुकं असं उतरलं की पुढे रस्ता आहे की दरी तेच कळेना. आपल्या मुंबईकरांना धुक्याची सवय नसते, थंडीत सकाळी ईस्टर्न एक्सप्रेसवर जे दिसतं तो बराचसा धूर आणि धूळ असते आणि त्यात निदान पुढचा फ्लायओव्हर तरी दिसतो, घाटात मात्र पावसाळ्यात ढगच खाली आलेले असतात, आपण अक्षरशः ढगात गाडी चालवत असतो.

हळूहळू वर आलो, इगतपुरीच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो, तर मागून एक ट्रकवाले दादा आले आणि म्हणाले, "ताई, मागं लाईटच नाही तुमच्या. घाटात मी दोनदा ब्रेक दाबला, तेव्हा गाडी दिसली."

मी म्हटलं असं कसं, लाईट तर चालू आहेत. बाबा उठून गाडीच्या मागे गेले आणि तिथूनच म्हणाले, "अगं, खरंच अंधार आहे इथे."

झालं असं होतं की माझी गाडी ऑटो मोडवर होती, पहाटे काळोखात हेडलाईट आपोआप लागले होते पण उजाडल्यावर सेन्सरला पुरेसा प्रकाश मिळाला आणि त्याने ते बंद करून टाकले, कारण दिवसाचं धुकं पांढरं आणि उजेडाचं असतं, सेन्सरला अंधार कळतो, धुकं कळत नाही. पुढच्या डीआरएल पट्ट्या, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे छोटे दिवे, तेवढ्या चालू राहिल्या. बऱ्याच गाड्यांमध्ये डीआरएल लागले तरी टेललाईट लागत नाहीत. आणि डॅशबोर्डवरचा मीटर तर हल्ली कायम उजळलेलाच असतो, त्यामुळे आत बसून संशयसुद्धा येत नाही. टू-व्हीलरला एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालू ठेवूनच विकतात, कारमध्ये ते आपल्यालाच बघावं लागतं. म्हणून धुकं किंवा धो-धो पाऊस सुरू झाला की नॉब ऑटोवरून काढून हाताने हेडलाईटवर फिरवा, प्लीज.

हॅझर्डचंही सांगते. आपल्याकडे पाऊस वाढला की सगळे चारही इंडिकेटर लावून पळतात, मीही लावायचे. पण ते चालू असताना तुम्ही लेन बदलताय की वळताय हे मागच्याला कळत नाही, शिवाय गाडी चालतेय की रस्त्यात बंद पडलीय तेही कळत नाही. ते उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीला डिपर, म्हणजे हेडलाईटचा खालचा झोत, आणि टेललाईट पुरे.

परत येताना रात्र झाली आणि घाटात पुन्हा तेच धुकं. घाबरून अप्पर, म्हणजे वरचा झोत, लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली, पाण्याच्या बारीक थेंबांवर आपटून सगळा प्रकाश माझ्याच डोळ्यांत. डिपरवर आणला तेव्हा डावीकडचा पांढरा पट्टा दिसला, मग त्याच्या आधाराने उतरले. फॉग लॅम्प बंपरमध्ये इतके खाली बसवतात तेही याचसाठी, प्रकाश रस्त्यालगत पसरावा म्हणून. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याला चिकटून जायचा मोह फार होतो, पण तो थांबला तर आपणही त्याच्यातच जाऊन थांबणार.

स्पीडचं मी घरी येऊन गणित मांडलं. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला अजून तेवढेच, म्हणजे ५० च्या वर. ४० ला हेच सगळं ३० मीटरच्या आसपास येतं. बेस्टची मोठी बस साधारण १२ मीटरची, म्हणजे समोर अडीच बसएवढंच दिसत असेल तर ४० हीसुद्धा वरची मर्यादा झाली. मी तर २० नेच उतरले, मागचे हॉर्न मारत होते, मारू देत.

काच आतून धूसर झाली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा आणि रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवणं, बंद करा. बाहेरून धूसर झाली असेल तर काच जास्त गार झालीय, वायपर मारा, एसी थोडा कमी करा. आणि अगदीच दिसेनासं झालं तर रस्त्याच्या कडेला उभं राहू नका, मागून येणारा पांढऱ्या पट्ट्याच्या अंदाजानेच येत असतो, थेट आपल्यावर येईल. सावकाश पुढे जाऊन पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठा आणि पूर्ण आत घ्या.

आता नाशिकला निघताना बाबा लगेच आत बसत नाहीत. आधी मागे जाऊन उभे राहतात, मी लाईट लावते, ब्रेक दाबते, दोन्ही इंडिकेटर देते, ते प्रत्येकाला हात वर करतात आणि मगच बसतात.