शीग

२०२०च्या मार्चमध्ये मी पाच किलो रवा आणला. आमच्या घरात रवा कुणालाच आवडत नाही. उपमा केला की मुलं डबा तसाच परत आणतात. पण २४ तारखेच्या रात्री आठची लॉकडाऊनची घोषणा ऐकून मी दुकानाकडे पळालो तेव्हा गव्हाचं पीठ संपलं होतं, तूरडाळ संपली होती, आणि शेल्फवर उरला होता तो फक्त रवा. माझ्या मागे दहा-बारा माणसं उभी होती. मी सगळा उचलला.

जूनमध्ये त्याला जाळं लागलं. गॅलरीत वर्तमानपत्रावर रवा पसरून मी अळ्या शोधत बसलो होतो. आई ज्वारी निवडत होती. तिने एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "मान्नालाही किडेच पडले होते." पुन्हा सुपात डोकं घातलं.

मान्ना म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज आकाशातून दिलेलं अन्न. रविवारी रविवारी चर्चमध्ये ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी बायबलातल्या निर्गमचा सोळावा अध्याय काढून नीट वाचला. माणशी एक ओमर, म्हणजे तेव्हाचं एक माप, गोळा करायचं. जास्त उचललं त्याचं उरलं नाही, कमी उचललं त्याला कमी पडलं नाही. सांगितलेलं न ऐकता ज्यांनी सकाळपर्यंत ठेवलं, त्यांच्या मान्नाला किडे पडून घाण सुटली. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचं आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी ठेवायचं. ते नासलं नाही. माझ्यासारख्या साठेबाजाला त्या सहाव्या दिवसाचा फार आधार वाटतो. माझी अडचण एवढीच की मला आठवड्याचे सातही दिवस सहावेच वाटतात.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." मराठीत तिथे भाकर हा शब्द आला हे किती बरं झालं. सकाळची भाकरी संध्याकाळी वातड होते, ती काही फार दिवस जपून ठेवायची वस्तू नव्हे. (सोलापूरकर म्हणतील, आमची कडक भाकरी महिना टिकते. त्यांना तेव्हा कुणी विचारलं नसावं.) ही प्रार्थना म्हणताना माझं एक डोकं वरच्या फळीवरचे डबे मोजत असतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डबे आईचेही आहेत, आणि माझ्याहून जास्त आहेत. ज्वारीचा डबा अर्ध्याच्या खाली गेला की तिला चैन पडत नाही. ज्वारीत कडुलिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. याचं कारण बहात्तर. आमच्या नगर जिल्ह्यात 'बहात्तर' एवढंच म्हटलं तरी पुरतं, पुढे दुष्काळ म्हणावं लागत नाही. तेव्हा आई सोळा-सतरा वर्षांची, नवी नवरी. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथे सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापताना फाटायची, असं ती अजून सांगते, आणि सांगताना हात तसाच थापल्यासारखा हलवते.

तरुणपणी मी तिला खूप शहाणपण शिकवलं. चर्चच्या युवक संघात बोलायचो ना! एकदा तिच्या डब्यांकडे बोट दाखवून म्हणालो, "आई, आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत."

"बहात्तरात पाखरंही मेली रे," ती म्हणाली. "विहिरीच्या काठावर पडलेली असायची."

मी गप्प बसलो. जरा वेळाने तीच म्हणाली, "एकही त्याला ठाऊक असल्याशिवाय पडत नाही, असंही लिहिलंय. तेवढ्यावर आम्ही ते वर्ष काढलं." या उत्तराने माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. पण पाखरांचं वचन मी त्यानंतर कुणाच्या तोंडावर फेकलं नाही.

पंडिता रमाबाईंचंही तसंच वाटतं. आई-वडील उपासमारीत गेलेले पाहिलेली ही बाई. पुढे केडगावला निराधार बायकामुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि १९००च्या दुष्काळात तिथे १९००हून जास्त माणसं आणि शंभरावर जनावरं होती. थोडंफार पाणी उरलं होतं ते दोनच विहिरींना. संध्याकाळी त्या तळाला लागायच्या आणि सकाळी पुन्हा पाणी आलेलं असायचं, अशी त्यांची साक्ष आहे. मला त्या साक्षीइतकीच आवडते ती गोष्ट म्हणजे विहिरी त्यांनी आधी खणून घेतल्या होत्या. भूक पाहिलेल्या माणसाचा विश्वास कुदळ घेऊन येतो.

तर त्या लॉकडाऊनमधलीच गोष्ट. समोरच्या चाळीतल्या एक मावशी दाराशी आल्या. चार घरची धुणीभांडी करायच्या, चारही घरांनी येऊ नका म्हटलेलं. बायको आत होती, मी उठलो. वाटी घेतली, ज्वारीच्या डब्यात बुडवली आणि वरून तळहात फिरवून सपाट केली. मनात हिशेब चालूच: अशा किती वाट्या, किती दिवस?

आईने वाटी माझ्या हातातून घेतली. डब्यात तिचं जुनं पितळी मापटं असतं. ते तिने भरलं, डब्याच्या कडेवर आपटलं, दाबलं, पुन्हा भरलं, आणि वर शीग लावली, काठाच्या वर धान्याची निमुळती रास. मग दुसरं. मग तिसरं. दुकानदार सपाट माप देतो, आई घेतानाही सपाटच घेते, भांडत नाही. पण तिच्या हातून कुणाला काही जायचं असेल तर शिगेशिवाय जात नाही. लूकच्या सहाव्या अध्यायात शब्दच तो आहे: 'चांगले माप दाबून, हालवून व शीग भरून तुमच्या पदरी घालतील.' लहानपणापासून पाठ होतं. करताना पाहत आलो होतो तेही लहानपणापासूनच, फक्त दोन्ही एकच आहेत हे ध्यानात आलं नव्हतं. मावशींनी खरोखरच पदर पुढे केला.

मी एक दिवसही उपाशी राहिलेलो नाही, आणि तळहात फिरवून वाटी सपाट केली ती मीच.

आता आईचा हात कापतो. मापटं डब्यातून दारापर्यंत येईतो निम्मी शीग गॅलरीत सांडलेली असते. माप कमी नको म्हणून ती परत जाऊन पुन्हा भरते, पुन्हा सांडते. बायको झाडू घेऊन येते, पण तिच्या आधी जाळीवरून चिमण्या उतरलेल्या असतात, हल्ली तर वेळ ठरल्यासारख्या.

"आल्या फुकट्या," आई म्हणते, आणि झाडू बायकोच्या हातातून काढून घेते.