जॉनी लॉरेन्सची बाजू

गाजलेला जुना चित्रपट मालिकेच्या रूपात परत आणायचा ठरला की बहुतेक निर्माते सोपी वाट धरतात. ओळखीचे संगीत, पाठ झालेले संवाद, केस पिकलेले तेच नट आणि प्रेक्षकांच्या आठवणींवर तरलेली बेताची गोष्ट, एवढ्यावर एखादे पर्व सहज निभावते. ‘द कराटे किड’ या १९८४ च्या चित्रपटावरून बेतलेल्या ‘कोब्रा काई’ या मालिकेत हे सगळे आहेच, नाही असे नाही. तरीही २ मे २०१८ रोजी यूट्यूबच्या सशुल्क सेवेवर सुरू झालेली, पुढे नेटफ्लिक्सवर गेलेली आणि सहा पर्वांतील ६५ भागांनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये संपलेली ही मालिका टिकली ती निराळ्याच कारणाने. जॉश हील्ड, जॉन हर्विट्झ आणि हेडन श्लॉसबर्ग या तिच्या निर्मात्यांनी मूळ चित्रपटाची पूजा न बांधता त्याची उलटतपासणी घेतली, आणि त्यासाठी साक्षीदार म्हणून उभा केला तो अंतिम सामन्यात हरलेला मुलगा.

मूळ कथा बहुतेकांना ठाऊक असते. न्यू जर्सीहून आईबरोबर लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत आलेला डॅनियल लारुसो, त्याला छळणारी ‘कोब्रा काई’ या कराटेवर्गातील मुले, गाड्या पुसायला लावून कराटे शिकवणारे मियागी आणि शेवटी एका पायावर उभे राहून मारलेली ती लाथ. जॉन जी. ॲव्हिल्डसन यांच्या दिग्दर्शनात भल्याबुऱ्याची विभागणी इतकी स्पष्ट होती की विल्यम झॅब्काने रंगवलेल्या जॉनी लॉरेन्सकडे प्रेक्षकांनी दुसऱ्यांदा पाहण्याचे कारणच उरले नाही. परंतु तो अंतिम सामना आज मुद्दाम जॉनीकडे लक्ष ठेवून पाहावा. उपान्त्य फेरीत क्रीस हा प्रशिक्षक आपल्या दुसऱ्या शिष्याला, बॉबीला, डॅनियलला जायबंदी करण्याचा हुकूम देतो. बॉबी गुडघ्यावर घाव घालतो, बाद होतो आणि तिथेच डॅनियलची क्षमा मागू लागतो. त्यानंतर अंतिम सामन्यात क्रीस जॉनीला त्याच दुखऱ्या पायावर वार करायला सांगतो. त्या क्षणी जॉनीच्या चेहऱ्यावर जे उमटते तो उर्मटपणा नसतो. ज्याला वडिलांच्या जागी मानले तो माणूस आपल्याकडून काय करून घेतो आहे, हे पहिल्यांदाच उमगलेल्या मुलाची ती भीती असते. आणि हरल्यावर चषक डॅनियलच्या हाती देणाराही जॉनीच. झॅब्काने हे सारे १९८४ मध्येच करून ठेवले होते. मालिकेने ते फक्त वाचले.

पहिल्या पर्वात दोघांच्या जागा बदललेल्या दिसतात. गरीब वस्तीतून आलेला डॅनियल (राल्फ माचियो) आता एन्सिनोतील ऐसपैस घरात राहतो, मोटारींची दालने चालवतो आणि जाहिरातीत कराटेच्या पवित्र्यात उभा राहून प्रत्येक ग्राहकाला बोन्साय भेट देतो. श्रीमंत सावत्र वडिलांच्या घरात वाढलेला जॉनी रिसीडातील भाड्याच्या घरात बिअरच्या डब्यांच्या संगतीत दिवस काढतो आहे आणि पहिल्याच भागात त्याची किरकोळ दुरुस्त्यांची नोकरीही जाते. शेजारच्या मिगेलला टवाळांच्या तावडीतून सोडवल्यावर तो जुना कराटेवर्ग पुन्हा उघडतो, आणि आपल्या तारुण्याची हकिकत त्याला आपल्या बाजूने सांगतो. त्या कथनात मूळ चित्रपटाचीच दृश्ये वापरली आहेत, मात्र अर्थ बरोबर उलटा लागतो: नवखा पोरगा माझ्या मैत्रिणीच्या मागे लागला, त्याने हॅलोविनच्या रात्री मला पाण्याने भिजवले आणि शेवटी नियमबाह्य लाथ मारून चषक नेला. हे ऐकताना हसू येते आणि थोडी पंचाईतही होते, कारण स्वच्छतागृहात रबरी नळी सोडण्याची खोडी खरोखरच डॅनियलनेच काढलेली असते.

मालिकेचा उत्कर्षबिंदू माझ्या मते पहिल्या पर्वाचा शेवट हाच आहे. पुढच्या पाच पर्वांत लढाया मोठ्या झाल्या, पण ही उंची क्वचितच पुन्हा गाठली गेली. स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जॉनीचा शिष्य मिगेल आणि डॅनियलकडे शिकलेला रॉबी समोरासमोर येतात. रॉबी हा जॉनीचा दुरावलेला मुलगा आहे आणि त्याचा खांदा आधीच्या फेरीत नियमबाह्य घावाने दुखावलेला आहे. मिगेल नेमका तोच हात धरून पिरगाळतो. जॉनी त्याला बाजूला घेऊन असे खेळू नकोस म्हणून बजावतो, तेव्हा मुलगा शांतपणे त्याचीच शिकवण त्याला ऐकवतो: दया दाखवायची नाही. ‘कोब्रा काई’ जिंकते आणि जिंकलेल्या प्रशिक्षकाचा चेहरा उतरतो. रात्री रिकाम्या वर्गात जॉनी चषकापाशी असताना अंधारातून सिगार ओढत क्रीस (मार्टिन कोव्ह) पुढे येतो आणि त्याची पाठ थोपटतो. १९८४ मध्ये क्रीसने जे केले तेच जॉनीच्या हातून, त्याची इच्छा नसताना, घडले आहे हे सांगण्यासाठी एकाही संवादाची गरज पडत नाही.

मियागींचा प्रश्न अधिक नाजूक होता. ती भूमिका करणारे पॅट मोरिता यांचे २००५ मध्ये निधन झाले होते आणि त्यांच्याशिवाय या कथेची कल्पना करणे कठीण होते. मूळ चित्रपटात मद्याच्या अमलाखाली मियागी आपल्या बायकोच्या आणि बाळाच्या मृत्यूची कहाणी सांगतात. ते स्वतः अमेरिकी सैन्यात लढत असताना ती दोघे मांझानारच्या छावणीत दगावलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना ज्या छावण्यांत डांबले गेले त्यांपैकी एकीत मोरिता यांचेही बालपण गेले होते, आणि ऑस्करचे नामांकन त्यांना याच भूमिकेसाठी मिळाले. मालिकेने त्यांच्या जागी दुसरा नट उभा केला नाही. त्यांचे घर, बाग आणि पिवळी फोर्ड तेवढी ठेवली. शिवाय एक चतुराई केली, ती म्हणजे डॅनियलला थोडा सोवळा केले. प्रत्येक पेचावर गुरूंचे वचन काढणारा हा माणूस राग आला की गुरूंच्या नेमके उलट वागतो, आणि बायकोसह सारे घर त्याला ते सुनावते. त्यामुळेच शेवटच्या पर्वात तंत्रज्ञानाच्या मदतीने स्वप्नदृश्यात मोरिता यांचा चेहरा परत आणला गेला, ते मला मुळीच रुचले नाही. जे अनुपस्थितीने इतके नीट साधले होते त्यावर त्या दृश्याने पाणी ओतले.

चौथ्या पर्वापासून मालिका फुगत जाते, हेही सांगायला हवे. मुले इतक्यांदा पक्ष बदलतात की कोण कुणाकडून लढतो याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि शाळेत हाणामारी होऊन एक मुलगा कठड्यावरून खाली कोसळल्यावरही या परिसरातील प्रत्येक तंट्याचे उत्तर आणखी कराटे हेच राहते. तरी त्या शाळेतील मारामारीचे चित्रण पाहण्याजोगे आहे. कॅमेरा बराच वेळ कट न घेता गर्दीतून फिरत राहतो आणि कोण कुणाला भिडले आहे ते स्पष्ट दिसते. अतिशयोक्तीची मालिकेलाही जाण आहे. १९८९ च्या तिसऱ्या चित्रपटात टेरी सिल्व्हर हा धनाढ्य उद्योजक एका किशोरवयीन मुलाच्या छळासाठी कामधंदा सोडून वेळ घालवतो. मालिकेत परतलेला सिल्व्हर (थॉमस इयन ग्रिफिथ) स्वतःच कबूल करतो की तेव्हा तो कोकेनच्या आणि सुडाच्या नशेत होता, आणि आता सांगताना ते वेडेपणाचे वाटते. फसलेल्या पटकथेची याहून हजरजबाबी डागडुजी माझ्या पाहण्यात नाही.

शेवटच्या टप्प्यात क्रीस जॉनीपुढे मोडून पडतो आणि क्षमा मागतो, तिथे कोव्ह आणि झॅब्का या दोघांनी केलेले काम मूळ चित्रपटाच्या तोडीचे आहे. जागतिक स्पर्धेचा सगळा थाटमाट त्यापुढे फिका वाटतो.

मालिका नव्याने पाहणाऱ्यांनी आधी १९८४ चा चित्रपट पाहावाच. १९८६ चा दुसरा भाग तिसऱ्या पर्वापूर्वी पाहिला तर ओकिनावातील चोझेन आणि कुमिको यांचे येणे अधिक भिडते, आणि १९८९ चा तिसरा भाग कितीही फसलेला असला तरी चौथ्या पर्वापूर्वी सिल्व्हरसाठी तो सहन करावा. हिलरी स्वँकचा १९९४ चा चित्रपट राहिला तरी मालिका समजण्यात काही उणे राहत नाही.