पिला गावातला सामना

सायप्रसच्या फुटबॉलविषयी वाचताना मला अडवून धरले ते 1951 या सालाने. त्या वर्षी तुर्की सायप्रियटांचा, म्हणजे सायप्रसमधल्या तुर्की भाषिकांचा, चेतिनकाया हा संघ त्या बेटाचा लीगविजेता होता आणि अवघ्या चारच वर्षांनी, म्हणजे 1955 मध्ये, तुर्की संघांना त्या स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. पुढे 1974 मध्ये बेटच ग्रीक आणि तुर्की अशा दोन भागांत दुभंगले; संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील सुमारे 180 किलोमीटर लांबीचा निर्लष्करी पट्टा आजही दोन्ही भागांना वेगळे ठेवतो.

त्याच पट्ट्यातील पिला या गावात, जिथे ग्रीक आणि तुर्की कुटुंबे अजूनही शेजारी राहतात, मार्च 2019 मध्ये निआ सालामिना आणि माउसा तुर्क ग्युजू हे दोन संघ मैत्रीपूर्ण सामना खेळले. दोघांचेही मूळ गाव एकच, फामागुस्ता. मात्र ते तुर्की भागात गेल्याने निआ सालामिना हा ग्रीक संघ 1974 पासून विस्थापित आहे. आपल्याच गावकऱ्यांशी खेळण्यासाठी तिसऱ्याच गावाचे मैदान शोधावे लागावे, याइतके बोचरे मला दुसरे काही वाटले नाही. गोल कोणी किती केले, हे पाहण्याची उत्सुकता मात्र मला शेवटपर्यंत वाटली नाही.