एका सरीचं वय

पावसाची एक सर. फार मोठी नसावी. मोठी असती तर सगळंच वाहून गेलं असतं. ज्वालामुखीची ताजी राख जमिनीवर पसरली होती. तिच्यावर थेंब पडले, बारीक खळगे उमटले आणि सर निघून गेली. मग वरून आणखी राख येऊन बसली आणि खळगे झाकले गेले. ही गोष्ट 270 कोटी वर्षांपूर्वीची. दक्षिण आफ्रिकेत त्या राखेचा आता दगड झाला आहे आणि थेंबांच्या खुणा त्यात अजून आहेत. तेव्हा भिजायला कुणी नव्हतं. झाड नाही, पाखरू नाही, छत्री विसरलेला माणूस तर नाहीच. सूक्ष्मजीव तेवढे होते, आणि ते आधीपासूनच पाण्यात.

त्या दगडाचा फोटो पाहिल्यापासून एक वाटणी मला पटेनाशी झाली आहे. टिकणारं ते काळ्या दगडावर आणि पुसलं जाणारं ते पाण्यावर, असं आपण ठरवून टाकलेलं असतं. इथे तर पाण्याने रेघ ओढली, दगडाने ती जपली, आणि त्या वेळी आसपास जे डोंगर असतील त्यांचा आज पत्ता नाही.

2012 साली काही शास्त्रज्ञांनी या खुणांचं जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी खळग्यांचे साचे घेतले, हवाई आणि आइसलंडमधली ज्वालामुखीची राख आणली आणि तिच्यावर उंचावरून पाण्याचे थेंब सोडले. किती मोठा थेंब किती वेगाने पडला की केवढा खळगा होतो, हे मोजत बसले. हवा दाट असेल तर थेंब सावकाश पडतो, विरळ असेल तर जोरात. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की तेव्हाची हवा आजच्या दुपटीहून फार दाट नसावी. मोठी माणसं दिवसभर राखेत थेंब टाकत बसली होती, हे डोळ्यांपुढे आलं की बरं वाटतं.

डोंगरांचं मात्र वेगळं. दुरून ते साजरे दिसतात, आणि स्थिरही. एव्हरेस्टची उंची 8848.86 मीटर असं आपण दशांशासकट पाठ करतो, जणू ते काम एकदाचं संपलं आहे. त्या शिखराचा अगदी वरचा दगड चुनखडीचा आहे. तो 40 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला, आणि त्यात समुद्री जीवांच्या कवचांचे तुकडे आहेत. म्हणजे चढण्याचं काम गिर्यारोहकांच्या कितीतरी आधी शिंपल्यांच्या नात्यागोत्यातल्यांनी उरकलं होतं, तेही मेल्यानंतर.

आणि वर गेलेलं खाली येतंच आहे. भेगेत पाणी शिरतं, गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि कडा फुटतो. पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून अगदी सौम्य आम्ल तयार होतं. त्यात चुनखडी विरघळते. उरलेलं नद्या बघतात. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे 100 कोटी टन गाळ वाहून नेतात. बंगालच्या उपसागराच्या तळावर त्या गाळाचा पंखा पसरला आहे, जवळजवळ 3000 किलोमीटर लांब. हिमालयाचा मोठा भाग आज हिमालयात नाहीच. तो तिथे, पाण्याखाली, पुन्हा दगड होण्याच्या तयारीत पडला आहे.

पृथ्वीचं वय 24 तासांचं धरलं तर माणूस शेवटच्या काही सेकंदांत आला, ही उपमा मी आता वाचायचीच थांबवली आहे. तिने काळ कळत नाही, फक्त घड्याळाकडे लक्ष जातं. कोटी हा आकडा आपल्याला पैशांत कळतो, वर्षांत नाही, आणि त्याला इलाज नाही.

जेम्स हटनला काळ कळला, तो बघून. हा स्कॉटलंडचा माणूस शिकला डॉक्टरकी आणि करत बसला शेती. पाऊस आपल्या शेतातली माती उचलून नेतो, हे त्याला रोज दिसायचं. सगळेच शेतकरी बघतात. हटनला पुढचा प्रश्न पडला, की ही माती जाते कुठे, आणि सगळीच वाहून जात असेल तर जमीन अजून उरली कशी? त्या काळी युरोपातले बहुतेक शिकलेले लोक पृथ्वीचं वय सहा हजार वर्षांच्या आसपास मानत. 1788 साली तो दोन मित्रांना घेऊन होडीतून किनाऱ्याच्या कडेकडेने निघाला आणि सिकार पॉइंट नावाच्या टोकाशी उतरला. तिथे खालचे करडे थर भिंतीसारखे उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर जरासे कलते निजलेले आहेत. एवढंच. पण गाळ साचतो आडवा. मग हे आडवे थर उभे कधी झाले? आधी समुद्रात साचले, दगड झाले, मुरडून उभे राहिले, पाण्यावर आले, झिजून सपाट झाले, आणि मग त्यांच्यावर तांबडा गाळ साचायला सुरुवात झाली. तो साचून पुन्हा त्याचा दगड. आज मोजलेल्या वयांप्रमाणे खालचे थर सुमारे 43 कोटी वर्षांचे, वरचे सुमारे 37 कोटींचे. म्हणजे दोघांच्या मधल्या त्या एका रेषेत 6 कोटी वर्षं गायब आहेत. बरोबर आलेल्या जॉन प्लेफेअरने पुढे लिहून ठेवलं, की काळाच्या इतक्या खोलात पाहताना गरगरल्यासारखं झालं. हटनपाशी आकडा नव्हता, तरीही.

मला गरगरायला एवढी मोठी जागा लागत नाही. नदीकाठचा गोटा पुरतो. काठाला गेलं की एखादा उचलायचा आणि खिशात टाकायचा, ही माझी जुनी खोड. पाण्यात तो काळाभोर, तजेलदार असतो आणि घरी आणून ठेवला की फिका पडतो. दोष दगडाचा नाही. सुक्या पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीतून उजेड इकडेतिकडे उधळतो. पाण्याची पातळ साय तो खडबडीतपणा भरून काढते, म्हणून खोलातला रंग दिसतो. सध्या टेबलावर आहे त्या गोट्याला मधोमध एक पांढरी रेघ आहे. ती गारगोटीची. कधीतरी खोल जमिनीत तो खडक तडकला, त्या फटीतून गरम पाणी फिरत राहिलं आणि विरघळलेली गारगोटी कणाकणाने तिथे ठेवत गेलं. नखाने चाचपलं तर ती रेघ आजूबाजूच्या दगडापेक्षा किंचित वर लागते, कारण ती जास्त कठीण आहे. बाकीचा गोटा झिजला, फट उरली.

फोडणारं पाणी, भरणारं पाणी, घासून गोल करणारंही पाणी. वयाचं विचाराल तर आजवर सापडलेला पृथ्वीवरचा सर्वांत जुना खनिज कण ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला, झिरकॉनचा, सुमारे 440 कोटी वर्षांचा. त्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून अनेक संशोधकांना वाटतं, की त्याही वेळी पृथ्वीवर पाणी असावं. तेच पाणी हवेत वाफ होऊन गेलं की सरासरी नऊएक दिवसांत खाली येतं. इतकं जुनं आणि इतकं घाईत!

या घाईत माणसाने एकदा हात घालून पाहिला. नायगाराचा धबधबा गेल्या सुमारे 12,000 वर्षांत स्वतःचाच कडा कुरतडत 11 किलोमीटर मागे सरकला आहे. त्यातल्या अमेरिकन बाजूच्या धबधब्याच्या पायथ्याशी कोसळलेल्या शिळांचा ढीग साचला. तो दिसायला वाईट, पडणारं पाणी मध्येच अडवतो, अशी तक्रार झाली. म्हणून 1969 मध्ये वर बांध घालून तो धबधबाच काही महिने बंद केला. कोरडा कडा बघायलाही लोक लोटले. अभियंत्यांनी दगड तपासले, भेगा मोजल्या. पुढे काही वर्षं विचारविनिमय होऊन निष्कर्ष निघाला तो असा, की शिळा आहेत तिथेच राहू द्याव्यात आणि झीज चालली आहे तशी चालू द्यावी. एवढा खर्च करून काहीही न करण्याचा इतका शहाणा सरकारी निर्णय माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.