व्हिएन्नात २६ ऑक्टोबर: तटस्थतेचा सण पाहायला जाणाऱ्यांसाठी

२६ ऑक्टोबरला व्हिएन्नात असाल तर दूध, ब्रेड, फळं आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा. तो ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन, दुकानं बंद असतात. आम्ही २०२४ साली गेलो तेव्हा तो शनिवारी आला होता आणि पाठोपाठ रविवार, म्हणजे सलग दोन दिवस बाजार बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं तेवढी उघडी असतात आणि सगळं गाव तिथेच लोटतं. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा त्या दिवशीच्या गाड्यांच्या वेळा पुन्हा एकदा तपासून घ्या.

मी साताऱ्यातल्या शाळेत बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. अलिप्ततावाद हा धडा तर पाठ होता. लेक शिकायला व्हिएन्नात आहे, ती म्हणाली, "आई, येतेस तर त्या दिवशी इथे अस. हे लोक तटस्थतेचा सण करतात." दिवाळी तोंडावर होती, घरात फराळाचं सगळं पडलं होतं, तरी गेले. व्हिसाची माहिती सगळीकडे सापडते, म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की शेंगेन व्हिसावर शेजारच्या स्लोव्हाकियातही जाता येतं. त्याचा उपयोग पुढे येईल.

सुरुवात बेलव्हेडेर राजवाड्यापासून करा. मुख्य स्टेशनावरून 'डी' ट्राम पकडा. तीच ट्राम पुढे श्वार्त्सेनबर्गप्लात्स आणि पार्लमेंटपाशी जाते, त्यामुळे आमचे दोन दिवस बहुतेक त्या एका ट्रामवर निघाले. तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन काढा. वरच्या बेलव्हेडेरमध्ये बहुतेक लोक क्लिम्टच्या 'चुंबन' या चित्रासमोर गर्दी करतात. चित्र पाहाच, पण संगमरवरी दालनात अर्धा तास थांबा. १५ मे १९५५ रोजी इथे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ऑस्ट्रियाबरोबर करार केला आणि दुसऱ्या महायुद्धापासूनचा दहा वर्षांचा लष्करी ताबा सोडायचं कबूल केलं. परराष्ट्रमंत्री लिओपोल्ड फिगल यांचं "ऑस्ट्रिया मुक्त आहे" हे वाक्य सगळ्यांना बाल्कनीतलं वाटतं. ते बोलले ते या दालनात. बाल्कनीतल्या दृश्यावर तो आवाज नंतर जोडला गेला.

तारखांकडे नीट बघा, खरा अर्थ तिथेच आहे. त्या करारात तटस्थतेचा शब्दही नाही. परकी सैन्यं बाहेर पडण्याची मुदत २५ ऑक्टोबरला संपली आणि दुसऱ्याच दिवशी, २६ ला, ऑस्ट्रियाच्या संसदेने कायमच्या तटस्थतेचा कायदा केला. 'स्वेच्छेने' असा शब्द त्या कायद्यात आहे. मॉस्कोला हवं होतं म्हणूनच हे घडलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही परक्या सैन्यांची मुदत संपल्यावर आपल्या हाताने सही करायची, हा मान त्यांनी राखला. या गोष्टीला एक भारतीय धागाही आहे. १९५३ मध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर स्वित्झर्लंडमध्ये नेहरूंना भेटले आणि त्यानंतर मॉस्कोतल्या भारताच्या राजदूतांनी, के. पी. एस. मेनन यांनी, ऑस्ट्रियाच्या तटस्थतेचा विषय सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांच्याकडे काढला. इतकी वर्षं शिकवलं आणि हे मला माहीत नव्हतं.

सणाच्या दिवशी सकाळी लवकर हेल्डेनप्लात्स हा मोठा चौक गाठा. पाठीवर मोठी सॅक नको. रणगाडे, हेलिकॉप्टरं मांडलेली असतात, मुलं त्यांच्यावर चढतात, आणि नव्या भरतीच्या पोरांचा शपथविधी होतो. तटस्थ देशात रणगाडे कशाला, असं मनात येईल. पण हाताशी असलेल्या सगळ्या साधनांनी तटस्थता राखायची, हे त्या कायद्यातच आहे. सक्तीची सहा महिन्यांची लष्करी सेवा ठेवायची की नाही यावर २०१३ मध्ये सार्वमत झालं आणि जवळपास ६० टक्के लोकांनी ती ठेवा म्हटलं. आमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत घराघरांतून फौजेत जातात. तिथल्या आया निरोप देताना जशा उभ्या असतात, तशाच इथल्याही उभ्या होत्या. दुपारी पार्लमेंट सगळ्यांसाठी खुलं असतं, मात्र रांग लांब, गरम कपडे हवेत.

पार्लमेंटमध्ये गेलात तर ३० मार्च २०२३ आठवा. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की त्या दिवशी व्हिडिओवरून इथल्या खासदारांशी बोलले. कडव्या उजव्या विचारांच्या फ्रीडम पार्टीचे खासदार बाकांवर 'तटस्थतेसाठी जागा' असे फलक ठेवून उठून गेले. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधीच्या निवडणुकीत तोच पक्ष पहिला आला होता. दुसरीकडे सरकार म्हणतं, आम्ही लष्करी बाबतीत तटस्थ आहोत, राजकीय बाबतीत नाही. म्हणून युक्रेनला हेल्मेटं आणि संरक्षक जॅकेटं जातात, बंदुका जात नाहीत.

लेकीच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त नर्स. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे शिरल्यावर हंगेरीतून पळून आलेली कुटुंबं त्यांच्या शाळेत राहिली होती, तिथे त्या वडिलांबरोबर घोंगड्या द्यायला गेल्या होत्या. त्यांचा मुलगा जेवायला आला होता. त्याचं म्हणणं, रशियावर निर्बंध घातले तिथेच आपली तटस्थता मोडली, आणि गॅसचं बिल आम्ही भरतो. बाई म्हणाल्या, "तटस्थ म्हणजे माझा नातू लढायला जाणार नाही. कोणी कोणाचं घर जाळलं ते मला दिसत नाही, असं नव्हे." दोघांचं पटलं नाही. बाल्कनीला लावलेला झेंडा मात्र त्या मुलानेच सकाळी येऊन बांधला होता.

मला बाईंचं पटलं. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तटस्थ ऑस्ट्रियाने रशियाच्या आक्रमणाच्या निषेधाला मत दिलं. ठरावाच्या बाजूने १४१ देश होते. आपण ३५ अलिप्त राहणाऱ्यांत. तुम्ही भारतातून आलात म्हटलं की भारत घेतो त्या रशियन तेलाचा प्रश्न तुम्हाला विचारला जाईलच, तयारी ठेवा. मलाही त्या जेवणात विचारला. त्यांच्या देशाने १९६८ मध्ये पश्चिम युरोपात सगळ्यांत आधी सोव्हिएत गॅसचा करार केला, आणि २०२४ च्या जानेवारीतही तिथे येणाऱ्या गॅसपैकी ९० टक्क्यांहून जास्त रशियाचा होता. हे त्यांनीच सांगितलं, मान खाली घालून. आम्ही परतल्यावर तीन आठवड्यांनी, १६ नोव्हेंबरला, रशियाने तो तोडला. वर्गात मी 'तटस्थ म्हणजे काठावरचा' असं शब्द फोडून सांगायची. काठावरच्या माणसाला बुडणारा दिसतो, हे सांगायचं राहिलं.

आता ज्याच्यासाठी खास जावं ते ठिकाण. श्वार्त्सेनबर्गप्लात्सवर, मोठ्या कारंज्याच्या मागे, सोव्हिएत लाल सेनेचं स्मारक आहे. उंच खांबावर सोन्याच्या शिरस्त्राणाचा आणि सोनेरी ढालीचा सैनिक. युद्ध संपून काही महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट १९४५ मध्ये ते उभं राहिलं. १९५५ च्या कराराने ते जपण्याची जबाबदारी ऑस्ट्रियावर आहे, म्हणून कोणाला कितीही राग आला तरी ते हलत नाही. पण त्यामागची भिंत खाजगी मालकीची. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर ती निळ्या-पिवळ्या रंगात रंगवली गेली. सैनिकाचा फोटो काढायला गेलात की मागे युक्रेनचा झेंडा येतोच. मी तिथे दोनदा गेले. एप्रिल १९४५ मध्ये व्हिएन्ना जिंकणाऱ्या सोव्हिएत फौजेचं नाव होतं तिसरी युक्रेनियन आघाडी. सकाळी लवकर जा, कारंज्याचा आवाज आणि ट्राम सोडली तर शांतता असते.

तिथून पायी पोस्टगासेवरचं सेंट बार्बरा चर्च गाठता येतं. ते युक्रेनियन ग्रीक कॅथलिकांचं. आज युक्रेनमध्ये असलेलं लव्हिव शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्याच राज्यात होतं, आणि युक्रेनियन कवी इव्हान फ्रांको यांनी १८९३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. प्रार्थना चालू असेल तर मागे उभे राहा, फोटो नको. खार्किवहून आलेल्या एका बाईंनी लेकीशी थोडं बोलून घेतलं. त्यांनी एकच विचारलं, तुमच्याकडे आमचं युद्ध बातम्यांत दाखवतात का? मी हो म्हटलं. रोज दाखवतात का, असं त्यांनी पुढे विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

एक दिवस ब्रातिस्लाव्हासाठी ठेवा. मुख्य स्टेशनावरून गाडीने साधारण एक तास. जाऊन-येऊन एकच सवलतीचं तिकीट मिळतं, त्यात तिथली बस-ट्रामही धरलेली असते. पासपोर्ट जवळ हवा. स्लोव्हाकिया नाटोत आहे, तरी २०२३ च्या शरदात आलेल्या सरकारने लष्कराच्या साठ्यातून युक्रेनला शस्त्रं देणं थांबवलं. मग २०२४ च्या वसंतात सामान्य लोकांनी वर्गणी काढून तोफगोळ्यांसाठी ४० लाख युरोंहून जास्त पैसे उभे केले. कोण कुठल्या गटात आहे यावरून माणसांची मनं कळत नाहीत, हे इथे दिसतं.

स्लाव्हीन टेकडीवर शहर आणि आसपासचा भाग मुक्त करताना पडलेले ६,८४५ सोव्हिएत सैनिक पुरले आहेत. चढ दमवणारा आहे, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा. ज्या कबरींवर नावं आहेत ती आम्ही दोघी अक्षरं लावत वाचत होतो. लेक म्हणाली, "आई, यातले रशियाचे कुठले आणि युक्रेनचे कुठले?" काही नावांच्या शेवटी युक्रेनी आडनावांसारखं 'एन्को' होतं, त्यावर बोट ठेवलं. बाकीच्यांचं आम्हाला सांगता आलं नाही. वर पाणी सोबत असू द्या, आणि अंधार पडायच्या आत उतरायला लागा.