लॉराला सुपर्बचे ब्रेक

बेळगावहून गोव्याला उतरायचं तर चोर्ला, सावंतवाडीला जायचं तर आंबोली. घाट चुकत नाही. माझी गाडी स्कोडा लॉरा आरएस, 2011 ची. 1.8 टर्बो पेट्रोल, 160 पीएस, 250 न्यूटन मीटर. पळण्याबाबत तक्रार नव्हती. पण चोर्ला जरा जोरात उतरलो की खालच्या वळणांवर ब्रेक पेडल मऊ लागायचं आणि पॅडचा जळका वास गाडीत यायचा.

चार पिस्टनवाल्या, लाल रंगाच्या रेडीमेड ब्रेक किटची चौकशी केली. त्या पैशांत दारात एक जुनी अल्टो उभी राहिली असती. त्यापेक्षा सोपी वाट घरातलीच होती. लॉरा आणि त्या काळातली स्कोडाचीच मोठी गाडी सुपर्ब यांचं पुढचं बरंच सामान एकाच घराण्यातलं. दोन्हींना 5 बाय 112 चे बोल्ट, म्हणजे 112 मिमीच्या वर्तुळावर चाकाचे पाच बोल्ट. माझ्या गाडीला पुढे 288 मिमीची ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती), तर सुपर्बला 312 मिमीची. जाडी दोन्हीची 25.

अपघातात गेलेल्या एका सुपर्बचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, कोल्हापुरात जुन्या स्पेअरवाल्याकडे मिळाले. सुटा भाग द्यायला तो तयार होईना, पूर्ण सेटच घ्या म्हणाला. घेतला. डिस्क आणि पॅड मात्र नवेच आणले. ते जुने घेण्यात अर्थ नसतो.

उद्यमबागच्या मेकॅनिककाकांनी माझा जुना कॅलिपर आणि सुपर्बचा शेजारी शेजारी ठेवून व्हर्नियर लावला. पिस्टन दोन्हीकडे 54 मिमी.

"कॅलिपर एकच की ओ हे!" काका म्हणाले. "फरक ह्या ब्रॅकेटमध्ये हाय, कॅलिपर धरणाऱ्या चौकटीत. ह्यो कॅलिपरला बाहेर ढकलतो, म्हणून मोठी डिस्क बसते."

म्हणजे 'सुपर्बचा कॅलिपर' असं जे मी सगळ्यांना सांगत होतो, त्यात कॅलिपरचं काम थोडंच. दाब तितकाच राहतो, पण तो चाकाच्या मध्यापासून आधीपेक्षा 12 मिमी लांब पडतो, त्यामुळे तेवढ्याच पायाला 8 ते 10 टक्के जास्त पकड मिळते. आणि डिस्क मोठी म्हणजे उष्णता साठवायला लोखंडही जास्त. घाटात खरा उपयोग ह्या दुसऱ्या गोष्टीचा.

आणलेल्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर काढले. गंज नव्हता. रबर किट नवं घातलं, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन जाम होतात; आपल्याकडच्या निम्म्या 'ब्रेक चिकटतो'च्या तक्रारी तिथूनच येत असाव्यात असं मला वाटतं. बसवताना काका दोनदा म्हणाले, "निपल वर पायजे." निपल म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढायची (ब्लीडिंगची) तोटी. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली जातो, आणि मग कितीही ब्लीडिंग करा, वरची हवा आतच राहते. ब्रॅकेटचे बोल्ट नवे घेतले आणि टॉर्क पान्यानेच आवळले. चाकांचे बोल्ट 120 न्यूटन मीटरला. पाइप मारून अंगाच्या जोराने आवळायची पद्धत इथे नको म्हटलं, तर काकांचा पोरगा जरा नाराज झाला.

जुनं ब्रेक ऑइल निघालं ते काळ्या चहासारखं. हे ऑइल हवेतली ओल पितं. डॉट 4 ह्या प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, ओल धरली की ती मर्यादा 155 पर्यंत येते. आंबोलीच्या पावसात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या गाडीचं ऑइल कोरडं कसं राहणार? उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते, पेडल मऊ. माझ्या मते घाटातल्या त्रासाचं निम्मं औषध ह्या बाटलीतच होतं. कुणाला डिस्क बदलायची नसेल तर त्याने आधी चांगले पॅड आणि नवं डॉट 4 घालून घाट उतरून पाहावा.

पहाटे हत्तरगीच्या बाजूला हायवेवर नवे पॅड डिस्कवर घासून मुरवून घेतले: 80 वरून 20 पर्यंत दाबायचं, थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. नंतर बराच वेळ ब्रेक न लावता गाडी थंड होऊ दिली. तापलेली गाडी सिग्नलला ब्रेक दाबून उभी करू नये, पॅडचा डाग डिस्कवर उमटतो.

फरक विचाराल तर एकदाच करकचून दाबलं तर गाडी पूर्वीइतक्याच अंतरात थांबते. एबीएस आधीही लागायचं; शेवटी थांबवतात ते टायर. पण परवा चोर्ला भर गर्दीत ट्रकांच्या मागे उतरलो, खाली केरीपर्यंत पेडल तसंच टणक. मागचे ब्रेक मूळचेच ठेवलेत, त्यामुळे जोर थोडा पुढे सरकलाय, तो जाणवण्याइतका नाही.

कागदांचंही बघावं लागतं. गाडीत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेशी विसंगत बदलांविरुद्ध निकाल दिलाय. म्हणून विमा कंपनीला काय बदललं ते लेखी कळवलं.

आणि स्टेपनी तपासा. 312 च्या डिस्कवर 15 इंची चाक चढत नाही. माझी 15 ची लोखंडी स्टेपनी काढून डिकीत 16 ची ठेवली. जुनी काकांच्या पोराने घेतली.