हुश्श वाटलं, तेच खुपतंय

रात्रीचे पावणेदोन. झोप काही येत नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

संध्याकाळी मॅच चालू होती, मध्येच माझे शेअर असलेल्या कंपनीची जाहिरात लागली. टीव्हीवर पहिल्यांदाच दिसत होती म्हणून मी एकदम पुढे सरकून बसलो. समुद्रकिनारा, पळणारी एक बाई, संथ पियानो, मग वरून दिसणारा किनारा, मग पुन्हा तिचा चेहरा, आणि अगदी शेवटी तीन-चार सेकंद आपलं पेननं लिहायचं यंत्र. तेही बंद, स्क्रीन काळी. भाचा म्हणाला, "मामा, हे परफ्यूमचं होतं का?" सहजच विचारलं त्यानं, पण मला उत्तर देववेना. ताईनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

आणि अर्ध्या तासात बातमी आली की कंपनी स्वतःलाच विकायला गिऱ्हाईक शोधतेय. शेअर लगेच वर. आणि मला काय वाटलं, तर हुश्श. सुटलो एकदाचे. तेव्हापासून तेच खुपतंय.

तीन वर्षं हा शेअर धरून बसलोय. पडला की अजून घेतला, खरेदीची सरासरी किंमत खाली आणली, लोकांनी शहाणपण शिकवलं ते ऐकून घेतलं. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. ते असो. पण इतकं सगळं करून मला हवं काय होतं, वस्तू चालायला हवी होती की माझे पैसे सुटायला हवे होते? आजवर ठामपणे सांगत आलो, वस्तू. मग हुश्श कसलं?

आत्ता लिहितोय ते त्या यंत्रावरच. कडेच्या बटणाचा रंग अंगठा लागून लागून उडालाय, खालचा धातू दिसतो. नऊ दिवसांत चार्ज केलेलं नाही आणि अजून ३१ टक्के आहे. पेन टेकवलं की कागदासारखी खरखर येते. एवढंच दाखवायचं होतं हो! एक हात, एक पेन, आणि तारीख बदलतेय पण चार्जर कुठे दिसत नाही. किनारा कशाला हवा होता? जाहिरातीवरचा खर्च प्रत्येक तिमाहीत वाढतोय, विक्री खाली जातेय, आणि लोकांना ही वस्तू काय आहे तेच माहीत नाही. मला राग तोट्याचा नाही. चांगली वस्तू मुकी ठेवली याचा आहे.

पाम या फोन कंपनीची गोष्ट आज सारखी आठवतेय. प्री फोन जून २००९ मध्ये आला, त्यातली वेबओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम तर त्या काळाच्या फार पुढची होती, एका वेळी उघडी असलेली ॲप्स पत्त्यांसारखी सरकवता यायची. जाहिरातीत मात्र एक बाई शांतपणे गूढ काहीतरी बोलत राहायची. फेब्रुवारी २०१० मध्ये संपलेल्या तिमाहीत कंपनीनं ९ लाख ६० हजार फोन बाहेर पाठवले, लोकांनी प्रत्यक्ष घेतले ४ लाख ८ हजार. बाकीचे रॅकवर. मार्चमध्ये आकडे आल्यावर शेअर एका दिवसात २९ टक्के पडला. पुढच्याच महिन्यात एचपीनं शेअरमागे ५.७० डॉलर देऊन, म्हणजे साधारण १२० कोटी डॉलरला, अख्खी कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा शेअर धरून बसलेल्यांनाही हुश्श वाटलं असणार. आणि १८ ऑगस्ट २०११ ला एचपीनं वेबओएसचे फोन आणि टॅबलेट बंद केल्याचं जाहीर केलं. भागधारक सुटले, वस्तू गेली.

आणि विक्री होईलच असं तरी कुठंय. ब्लॅकबेरीला फेअरफॅक्स या गुंतवणूक कंपनीनं सप्टेंबर २०१३ मध्ये शेअरमागे ९ डॉलरची ऑफर दिली होती, ४ नोव्हेंबरला सगळं बारगळलं, शेअर पुन्हा खाली. मी आत्तापासून कशाच्या जिवावर सुटकेचा श्वास सोडतोय?

इतका वेळ स्वतःचीच कीव करत बसलोय, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. मी काही ही कंपनी चालवत नाही. तिथे रात्र रात्र जागून ही खरखर बरोब्बर जमवणारी माणसं असतील, नोकऱ्या त्यांच्या जाणार आहेत. मला हुश्श वाटलं कारण मी थकलोय. थकलेल्या माणसाला वाटतं तसं, तेवढंच. वस्तू आवडणं आणि थकणं, दोन्ही खरं असू शकतं.

निम्मे शेअर सोमवारी काढतो, निम्मे राहू दे.

कंपनीच्या गुंतवणूकदारांबरोबरच्या गुरुवारच्या कॉलसाठी इन्व्हेस्टर रिलेशन्सला, म्हणजे गुंतवणूकदारांशी बोलणाऱ्या विभागाला, मेल लिहिला. विक्रीबद्दल बाकीचे विचारतीलच. मी विचारलंय, दुकानांत किती पाठवले ते नको, लोकांनी किती घेतले ते सांगा, आणि पुढच्या जाहिरातीत कृपा करून स्क्रीन चालू ठेवा. दोनदा वाचून पाठवून दिला. चार्ज ३० टक्के.